अरवलीच्या पोटातली चोरी

१

चोरीला गेलेली वस्तू चोरीपूर्वी कुणी डोळ्यांनी पाहिलेलीच नव्हती, अशी तक्रार अलकनंदा दिघे यांच्याकडे आजवर आली नव्हती.

आयुष्यभर त्यांनी चिखल तपासला होता. दिल्लीतल्या एका सरकारी न्यायसहायक प्रयोगशाळेत त्यांच्या टेबलावर आरोपींचे बूट यायचे, ट्रॅक्टरचे टायर यायचे, कुदळी-फावडी यायची. त्यावरची चिमूटभर माती सूक्ष्मदर्शकाखाली धरून हा माणूस त्या दिवशी कुठल्या शेतात उभा होता ते त्या कोर्टाला सांगायच्या. आता निवृत्त होऊन सरोजिनी नगरला लेकीच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होत्या. बाजारात नातवासाठी स्वेटरची घासाघीस चालली असताना फोन वाजला.

"अलकनंदाबाई, माझ्या टेकडीत चोरी झालीय," पलीकडून अण्णासाहेब निंबाळकरांचा आवाज आला. मृदाशास्त्रातलं मोठं नाव. एका खटल्यात दोघांनी मिळून साक्ष दिली होती, तेव्हापासूनची ओळख.

"काय गेलं?"

"कार्बन."

अलकनंदाबाईंनी स्वेटर परत ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्या गुरुग्रामच्या पलीकडे अण्णासाहेबांच्या संशोधन केंद्रात पोचल्या. दिवाळी नुकतीच उलटली होती. हवा राखाडी, घशाला खरखरीत. अरवलीची एक बुटकी टेकडी, तिच्या एका अंगाला घोंघावणारा महामार्ग, दुसऱ्या अंगाला खोल घळ. वीसेक वर्षांपूर्वी अण्णासाहेबांनी टेकडीला कुंपण घातलं, रस्त्यापासून घळीपर्यंत चौकोनी तुकडे आखले आणि प्रत्येक तुकड्यातली माती काचेच्या बाटल्यांत भरून ठेवली.

"झाडाचं पान गळतं, कुजतं, त्यातला कार्बन मातीत मुरतो," अण्णासाहेब म्हणाले. सत्तरी कधीच ओलांडलेली, पण पाठ ताठ. "नीट मुरला की शेकडो वर्षं तिथंच राहतो. जमीन म्हणजे तिजोरी आहे, बाई. साऱ्या जगातल्या झाडांत मिळून जेवढा कार्बन आहे, त्याहून जास्त आपल्या पायाखाली आहे. या टेकडीची तिजोरी भरत चाललीय, हे दाखवण्यात माझं आयुष्य गेलं."

"आणि आता?"

"समता गजभिये म्हणून माझी विद्यार्थिनी आहे. तिनं यंदा त्याच जागा पुन्हा खणल्या. रस्त्याकडच्या भागात जवळजवळ तिसरा हिस्सा कार्बन गायब! टेकडी पूर्वीपेक्षा हिरवी आहे, झाडं दाट आहेत आणि तिजोरी रिकामी? अशक्य. चौकशी समिती म्हणते, पोरीनं माती बदलली. बाटल्यांच्या खोलीची किल्ली तिच्याकडेच असते." त्यांचा आवाज उतरला. "इतकी हुशार मुलगी मला दुसरी मिळाली नाही. ठपका बसला तर तिला कुणी दारात उभं करणार नाही. पण बाई, मलाही दुसरं काही सुचत नाहीये."

बाटल्यांची खोली थंड होती. प्रत्येक जागेच्या दोन-दोन बाटल्या. पहिली समताने रीतसर उघडली होती, तशी चिठ्ठी लावलेली होती. दुसरी जोडीची, कधीच उघडायची नाही अशी, बुचावर लाख ओतून बंद केलेली. अलकनंदाबाई वाकून एकेक बूच निरखत गेल्या. जुनी लाख काळपट होती, तिला बारीक तडे गेलेले. रस्त्याकडच्या काही बाटल्यांशी मात्र त्या थबकल्या.

"अण्णासाहेब, ही लाख ताजी आहे. या बाटल्या कुणीतरी उघडल्यात."

२

समता भेटली टेकडीवर, रस्त्याकडच्या अगदी पहिल्या तुकड्यात. तिथं दगडाची एक मोठी फरशी जमिनीवर बसवलेली होती. ज्या आठवड्यात बाटल्या भरल्या त्याच आठवड्यात अण्णासाहेबांनी ती हवामान मोजायच्या यंत्रासाठी टाकून घेतली होती. यंत्र काही आलं नाही. आता केंद्रातली मंडळी तिच्यावर बसून चहा पितात.

"बसा मॅडम," समता म्हणाली. तिशीच्या आतली, सडपातळ, हातांच्या नखांत माती. वडील उमरेडहून नोकरीसाठी दिल्लीला आलेले, ही इथंच वाढलेली. रडली असेल तर ते केव्हाच संपलं होतं. आता तिला राग आला होता.

"एक विचारू?" तीच म्हणाली. "मला खोटंच करायचं असतं तर मी कार्बन वाढवून दाखवला असता ना? नर्सरीतलं शेणखत मिसळलं की झालं. सगळ्यांनी पेढे भरवले असते. स्वतःच्या गुरूचं काम खोटं ठरेल असा निकाल कुणी मुद्दाम बनवतं का?"

"जोडीच्या बाटल्या कुणी उघडल्या?"

समताचा चेहरा बदलला. "उघडल्या? मी नाही. किल्ली माझ्या नावावर आहे, पण ती प्रयोगशाळेत खिळ्याला टांगलेली असते. इथं सगळ्यांना माहीत आहे."

अलकनंदाबाईंनी ते मनात ठेवलं. "मग तुला काय वाटतं, कार्बन गेला कसा?"

"मला वाटलं होतं आम्ल. या मातीत थोडा चुना आहे. चुन्यातलं कॅल्शियम कुजलेल्या पानांचा अंश आणि मातीचे बारीक कण यांची गाठ बांधून ठेवतं. ती गाठ असेपर्यंत जिवाणूंना तो अंश खाता येत नाही. चुना विरघळला की गाठ सुटते. आम्लाचा पाऊस पडला असता तर सगळं जुळलं असतं." तिनं खांदे उडवले. "पण आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख, जयेश सर, वर्षानुवर्षं पाऊस तपासतात. दिल्लीचा पाऊस आम्ल नसतो, मॅडम. राजस्थानची धूळ हवेतच त्याचं आम्ल मारते. माझी थिअरी तिथंच खलास."

अलकनंदाबाई उठून तुकड्यात फिरल्या. गवत गुडघ्याएवढं, रसरशीत. पण सगळं एकाच जातीचं. दगड मात्र उघडेबोडके. पुढं त्या तुकड्यांमागून तुकडे ओलांडत घळीपर्यंत गेल्या. तिथं गवत विरळ होतं, त्यात पाच-सहा तऱ्हेच्या बारीक वनस्पती, आणि दगडांवर दगडफुलाचे करडे-पिवळे डाग.

"समता, इथं कार्बन किती गेलाय?"

"इथं? जवळजवळ काहीच नाही."

म्हणजे चोर रस्त्याच्या बाजूनं आला होता. वाटेत जे जे मिळालं ते उचलत, थकत थकत आला आणि घळीशी पोचेपर्यंत त्याच्या हातातलं बळ संपलं होतं. असा चोर त्यांनी पाहिला नव्हता. माणूस माती बदलतो तेव्हा अशी उतरती भाजणी लागत नाही.

३

रुचिरा सबनीसचं ऑफिस गुरुग्रामच्या एका काचेच्या टॉवरमध्ये, बऱ्याच उंचावर. तिच्या कंपनीनं टेकडी दत्तक घेतली होती. 'आमचा धूर आमची टेकडी गिळते' अशी त्यांची जाहिरात तयार होती. खोलीत हवा शुद्ध करणारी दोन यंत्रं मंद घरघरत होती.

"मॅम, सच में, मला त्या मुलीशी काही प्रॉब्लेम नाही," रुचिरा म्हणाली. दिल्लीत वाढलेली, मराठी हिंदीच्या खांद्यावर हात टाकून चालणारी. "पण तुम्हीच देखो ना." तिनं पडद्यावर उपग्रहाची चित्रं लावली. वर्षामागून वर्ष टेकडी हिरवी होत गेलेली. "इतकी ग्रीनरी वाढली आणि खाली कार्बन कमी? बिल्कुल पटत नाही."

अलकनंदाबाईंनी चष्मा पुसून चित्रं पुन्हा पाहिली. "सगळ्यात हिरवी कुठे आहे?"

"इथे. रोडच्या साइडला."

"आणि कार्बन सगळ्यात जास्त गेलाय तोही तिथंच."

रुचिरानं ते चित्र मोठं करून पाहिलं. मग हळूच म्हणाली, "तुम्हाला वाटतं आम्ही काही केलं?"

"तुमचा फायदा कार्बन वाढण्यात आहे. तुम्ही हात घातला असता तर तिजोरी भरलेली सापडली असती. नाही, तुमच्यावर माझा संशय नाही." त्या उठल्या. "एक सांगा. खत घातलेलं शेत असंच दिसतं ना, वरून?"

जयेश पारखी प्रयोगशाळेत भेटले. पन्नाशीचे, नीटनेटके, हळू आवाजात बोलणारे. अण्णासाहेबांचे सर्वात जुने सहकारी. प्रश्न विचारताच त्यांनी पावसाचे आकडे समोर ठेवले.

"पाऊस निर्दोष आहे, मॅडम. मी त्याच्यासाठी कोर्टात शपथ घेईन."

"आणि समता?"

जयेश खिडकीबाहेर पाहत राहिले. "चांगली मुलगी आहे. चूक झाली असेल. यंत्र चुकतं, माणूस चुकतो."

"यंत्र चुकलं असेल तर तपासणी पुन्हा करता येईल."

"करता येईल. पण समजा, जोडीच्या बाटल्यांतूनही तेच निघालं तर? सरांना या वयात ते सोसेल का?"

अलकनंदाबाई त्यांच्याकडे शांतपणे पाहत होत्या. जोडीच्या बाटल्या न उघडायच्या होत्या. त्यांना कुणी हात लावल्याचं त्यांनी फक्त अण्णासाहेबांना आणि समताला सांगितलं होतं. जयेशरावांसमोर तर त्यांनी बाटल्यांचं नावच काढलं नव्हतं.

४

पण चोर पकडण्याआधी माल ओळखावा, हा अलकनंदाबाईंचा जुना नियम. जयेशरावांना त्यांनी तसंच सोडलं आणि केंद्रातल्या सूक्ष्मदर्शकापाशी बसल्या. एका काचेवर जुन्या बाटलीतली माती, दुसऱ्या काचेवर समताने यंदा खणलेली, त्याच तुकड्यातली.

खोट्या मातीला त्या कधी फसल्या नव्हत्या. नदीची वाळू गोलसर असते, टेकडीची टोकदार. दोन शेतांतल्या मातीत अभ्रकाची चमक कधी सारखी नसते. आणि इथं? तोच टोकदार गारगोटीचा चुरा, त्यावर तसाच लोखंडी तांबूस गंज, तीच अभ्रकाची पापुद्री. कण न् कण सख्खा. माती बदललेली नव्हती. समतानं खरीच माती खणली होती, खऱ्या जागी.

फक्त एक फरक होता. जुन्या मातीत मधूनमधून दुधाळ पांढरे ठिपके होते. नव्या मातीत ते शोधूनही सापडेनात. घर तेच, भिंती त्याच, पण त्यातलं एक माणूस निघून गेलेलं.

दुपारी सगळे जेवायला महामार्गावरच्या ढाब्यावर गेले. समता शेजारी बसली होती, समोर दाल, रोट्या आणि सिरक्यात, म्हणजे व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या लालसर कांद्यांची वाटी. अलकनंदाबाई कांद्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी वाटीतले कांदे ताटात काढले, उरलेला सिरका तसाच ठेवला आणि पर्समधून दोन कागदी पुड्या काढल्या.

"भैया, दो कटोरी देना, खाली."

एका वाटीत जुनी माती, दुसरीत नवी. दोन्हींवर त्यांनी चमच्यानं सिरका सोडला.

जुन्या मातीतून बारीक बुडबुडे उठले. कान जवळ नेला तर ऐकू येईल एवढीच चुरचुर. पण ती होती.

नवी माती ओली झाली आणि गप्प बसली.

"चुना," समता पुटपुटली. "चुना गेलाय सगळा."

"हे बुडबुडे कशाचे?"

"कार्बन डायऑक्साइडचे. चुन्यात अडकलेला कार्बन, आम्ल लागलं की वायू होऊन उडतो." बोलता बोलता ती थांबली. तिनं वाटीकडे पाहिलं, मग ढाब्याच्या पत्र्यापलीकडे, धुरकट उजेडात पहुडलेल्या टेकडीकडे. "मॅडम, म्हणजे हे... हे एवढ्याशा वाटीत झालं, ते तिथं आख्ख्या टेकडीत झालंय. वीस वर्षं. आवाज न करता."

कितीतरी खून अलकनंदाबाईंनी उलगडले होते, पण डोंगर असा श्वास सोडत राहतो आणि वरून दिवसेंदिवस हिरवा दिसतो, हे त्यांच्या कल्पनेत कधी आलं नव्हतं.

"मग आम्ल आलं कुठून?" त्या म्हणाल्या. "पाऊस तर निर्दोष आहे."

५

संध्याकाळ व्हायच्या आत त्यांनी जयेशरावांना टेकडीवरच बोलावलं. समता होती, अण्णासाहेब काठी टेकत आले. सगळे फरशीवर बसले.

"जयेशराव, लाख तुम्ही ओतलीत."

जयेशरावांनी नाकारलं नाही. "समताचा निकाल आला तेव्हा मला वाटलं, चूक असणार. म्हणून गुपचूप जोडीच्या बाटल्या तपासल्या. जुन्या बाटल्यांत कार्बन जसाच्या तसा होता. तिनं खणलेली मातीही मी पुन्हा मोजली. तिचा आकडा बरोबर होता." त्यांनी अण्णासाहेबांकडे पाहायचं टाळलं. "सर, तुमचं सगळं आयुष्य... मला बोलवेना. वाटलं, समिती प्रकरण मिटवेल, टेकडी राहील."

"आणि पोरगी?" अण्णासाहेबांचा आवाज चिरका झाला. "ती खरं बोलतेय हे माहीत असून तिला तू फासावर जाऊ देत होतास?"

समतानं जयेशरावांकडे एकदा पाहिलं आणि मान फिरवली.

"भांडण नंतर," अलकनंदाबाई म्हणाल्या. "चोर अजून मोकळा आहे. जयेशराव, पावसात आम्ल नव्हतं. मग दुसरं काय होतं? तुमचे आकडे आठवा."

"धुळीचे क्षार. गाड्यांच्या धुरातून आलेलं थोडं नायट्रेट. आणि अमोनिया. तो भरपूर. शेतातला युरिया, गोठे, सांडपाण्याचे नाले, सगळीकडून उठतो. हवेतही आणि पावसातही. जगात फार कमी ठिकाणी एवढा असेल. पण मॅडम, अमोनिया म्हणजे आम्लाच्या अगदी उलट. त्यानं आम्ल उलट मरतं."

"माझ्या धंद्यात एक गोष्ट शिकले. खून करणारा माणूस दारातून सुरी घेऊन येत नाही. पाहुणा म्हणून येतो, चहा घेतो. सुरी त्याला घरातच मिळते. हा तुमचा सज्जन अमोनिया मातीच्या घरात शिरल्यावर काय करतो?"

समता ताडकन उभी राहिली.

"जिवाणू!" ती म्हणाली. "मातीतले जिवाणू अमोनिया खातात, त्याचं नायट्रेट करतात, आणि ते करताना आम्ल बाहेर टाकतात. सर, आम्ल वरून पडलंच नाही! ते इथं, आत तयार झालं. म्हणून पावसात सापडलं नाही." ती भराभर बोलत होती. "नायट्रोजन म्हणजे खत, म्हणून गवत माजलं, टेकडी हिरवी झाली. उपग्रहाला तेवढंच दिसलं. खाली आम्लानं चुना खाल्ला, कॅल्शियम वाहून गेलं, गाठी सुटल्या, आणि इतकी वर्षं जपलेला कार्बन जिवाणूंच्या तोंडी पडला. रस्त्याकडे अमोनिया जास्त, गाड्यांतूनही येतो, खालचा सांडपाण्याचा नालाही तिथूनच वाहतो. घळीला टेकडीचा आडोसा आहे."

"पण नायट्रोजननं मातीतला कार्बन वाढतो," अण्णासाहेब अडखळत म्हणाले. "जंगलांवर केवढं काम झालंय..."

"थंड, ओल्या देशांतली जंगलं, सर. तिथं पानं कुजणं मंदावतं, कार्बन साठतो. आपली माती कोरडी. तिचा कार्बन चुन्याच्या आधारानं उभा आहे."

वारा पडला होता. चौघांच्याही नजरा नकळत वर गेल्या. राखाडी आभाळ शांत होतं. त्यातून आत्ता, या घडीलाही, काहीतरी खाली पडत होतं. खांद्यांवर, गवतावर, दगडांवर. कुणाला दिसत नव्हतं, टोचत नव्हतं.

"सुंदर आहे," अखेर जयेश म्हणाले. "पण समिती म्हणेल, गोष्ट रचलीत. पुरावा काय? या तुकड्यात अशी माती दाखवा जिला इतकी वर्षं हवा लागली नाही, पाऊस लागला नाही. तीही जर रिकामी निघाली तर तुमचा अमोनिया सुटला. अशी जागा कुठं आहे?"

अलकनंदाबाई उत्तर द्यायला निघाल्या आणि थांबल्या. त्या हळूच उठल्या, बाजूला झाल्या, आणि आपण जिथं बसलो होतो तिकडे बघत राहिल्या.

"अण्णासाहेब," त्या म्हणाल्या, "जरा उठता का?"

६

समितीचे सदस्य सकाळी आले. रुचिराही आली, तिच्या महागड्या बुटांना गवताचं कुसळ चिकटलेलं. केंद्रातल्या माणसांनी पहारी घातल्या. फरशी कुरकुरली, एका अंगानं उचलली गेली, मग उलटून गवतात आडवी झाली.

खाली एक चौकोन उघडा पडला. त्याचा रंग पाहून सगळे पुढं सरकले. भोवतालची माती फिकट, भुरकट. ही गडद, तपकिरी. वरचं आभाळ न पाहिलेली. बाजूनं पाणी झिरपलं असेल म्हणून समतानं कडेची माती सोडून दिली, मधोमध खणली आणि मूठभर माती पांढऱ्या ताटलीत ठेवली. शेजारी दुसऱ्या ताटलीत हातभर अंतरावरची उघडी माती. प्रयोगशाळेतलं सौम्य आम्ल दोन्हींवर सोडलं.

उघडी माती मुकी राहिली.

फरशीखालची माती फसफसली. बुडबुड्यांवर बुडबुडे, ताटलीच्या कडेपर्यंत. एवढ्या माणसांत ती चुरचुर स्पष्ट ऐकू आली. समितीचे अध्यक्ष, कडक स्वभावाचे गृहस्थ, नकळत गुडघ्यांवर बसले आणि लहान मुलासारखे वाकून पाहू लागले.

"हातभर अंतर," अलकनंदाबाई म्हणाल्या. "तीच माती, तेच कण, मी तपासलेत. माणूस चोर असता तर त्यानं फरशीखालचं आणि फरशीबाहेरचं असं काही पाहिलं नसतं. या दोहोंत फरक एकच आहे. एकीवर आभाळ होतं, दुसरीवर दगड."

दुपारी जयेशरावांनी सगळ्यांच्या देखत कार्बन मोजला. फरशीखाली इतकी वर्षं एक पानही पडलं नव्हतं, एक मूळही शिरलं नव्हतं. तरीही आकडा जुन्या बाटलीच्या अगदी जवळ निघाला. मग जयेशरावांनी आवाज थोडा चढवून, आपण कोणत्या बाटल्या कधी उघडल्या आणि काय लपवलं तेही समितीसमोर सांगितलं. त्यांना ते जड गेलं, पण त्यांनी एक शब्दही गाळला नाही.

रुचिरा बराच वेळ त्या गडद चौकोनापाशी उभी होती. "मी लहानपणापासून इथे राहते," ती अलकनंदाबाईंना म्हणाली. "आम्ही एअर प्युरिफायर लावले, मास्क लावले. आपलं आपलं बघितलं. पण ही हवा खाली पडतेय, जमिनीत जातेय, असा कधी विचारच नाही केला. आता ती जाहिरात नाही निघणार. मी बोलते ऑफिसमध्ये."

"काय सांगाल?"

"की आमचा धूर टेकडी गिळत नाहीये." तिनं वाकून बुटावरचं कुसळ काढलं. "उलटं चाललंय."

समितीनं समतावरचा ठपका तिथंच मागे घेतला. अध्यक्षांनी तिचा हात हातात घेतला, काहीतरी मोठं बोलायचा प्रयत्न केला, पण नजर पुन्हा पुन्हा त्या मातीकडेच जात होती. गाड्या निघून गेल्या. उतरत्या उन्हात धूर सोनेरी झाला होता आणि महामार्ग त्यात अर्धा बुडालेला. अलकनंदाबाईंना आठवत होते ते त्यांनी पाहिलेले सगळे शेतमळे, बांध, ओढ्याकाठच्या जागा. त्या प्रत्येकीवर हेच आभाळ उभं होतं. माती सगळं सांगते असं त्या आयुष्यभर म्हणत आल्या होत्या. तिच्यावर रोज काय घडतं ते मात्र त्यांनी तिला कधी विचारलं नव्हतं.

मागे अण्णासाहेब आणि समता उरले होते. अण्णासाहेब मातीच्या काठावर बसले होते, काठी बाजूला पडलेली.

"मी वीस वर्षं या टेकडीचं कौतुक केलं," ते म्हणाले. "ती हिरवी होताना पाहून खूश झालो. ती आजारी होती, आणि तू तेवढं सांगितलंस तर मी तुलाच चोर समजलो. शोधनिबंध छापायचा तो तुझ्या एकटीच्या नावानं छाप. माझं सगळं जुनं काम त्यात खोडून काढ. आणि समता, मला घाईघाईनं माफ करू नकोस."

"नाही करणार, सर," समता म्हणाली.

तिनं पिशवीत मातीचे नमुने भरले, तोंडं बांधली आणि पिशवी खांद्याला लावली. दोन पावलं गेल्यावर वळली.

"पण उद्या घळीत खणायचंय. तिथला चुना अजून शिल्लक आहे. तो कसा टिकवायचा ते शोधायला हवं. तुम्ही याल?"

अण्णासाहेबांनी काठी उचलली आणि तिच्यावर भार देऊन ते उभे राहू लागले.

"फावडं मी आणतो," ते म्हणाले.